दोन लाखांची पद्मिनी

(रौप्यमहोत्सवी वर्षात दर महिन्याला गच्चीवर झालेल्या ‘आपल्यातलंच कोणीतरी’ या कार्यक्रमातील भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)





गेटशेजारी उभ्या असलेल्या त्या दुधी रंगाच्या गाडीबद्दल मला दोनच प्रश्न विचारले जातात. मुलं विचारतात, “आजोबा, हॉर्न वाजवू?” आणि मोठी माणसं लिफ्टमध्ये हळूच विचारतात, “सगळी मिळून पडली कितीला?” पहिल्याला मी हो म्हणतो. दुसऱ्याला आजवर हसून वेळ मारून नेली. आज उत्तर देतो, आकड्यांसकट.

त्याआधी एक आठवण करून देतो. मी नऊ वर्षं या सोसायटीचा खजिनदार होतो. २०१८ साली गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं अडीच लाखांचं एस्टिमेट चार लाखांवर गेलं, तेव्हा वार्षिक सभेत मी तेव्हाच्या सेक्रेटरींना उभं करून विचारलं होतं, “एस्टिमेट वाढतंच कसं? आधी नीट बघता येत नाही का?” ते बिचारे म्हणाले होते, “साहेब, वरचा थर खरवडल्याशिवाय आत काय आहे ते दिसत नाही.” मला ते कारण पटलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गाडीचं. ही १९९१ सालची प्रीमियर पद्मिनी. मूळची फियाट कंपनीची ११००. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये सुरू केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनवायची. १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगखाली हँड गिअर आणि पुढे अखंड बाक. मधे गिअरचा दांडा नसल्यामुळे पुढे तिघं आरामात बसायची. माझ्या मामाच्या गाडीत आम्ही पुढे तीन आणि मागे सहा असे बसून महाबळेश्वरला गेलोय. घाट चढताना गाडी तापली की मामा पेट्रोल पंपावर ओला फडका ठेवायचा, आणि फडका भिजवायचं काम माझ्याकडे असायचं. आपली सोसायटी २००० साली नोंदली गेली आणि साधारण त्याच सुमाराला पद्मिनीचं उत्पादन थांबलं. म्हणजे त्या गाड्या गेल्या आणि आपण आलो.

रिटायर झाल्यावर ठरवलं, एक पद्मिनी घ्यायची. खजिनदाराच्या सवयीने डायरीत बजेट लिहिलं. एकूण दोन लाख. गाडी ९० हजार, दुरुस्ती ८० हजार, कागदपत्रं १० हजार, किरकोळ २० हजार. मुदत तीन महिने. खाली सही केली. ही एकच सही होती, हेही लक्षात ठेवा. घरात दुसरं माणूस होतं, त्याची सही घेतली नव्हती.

जुलै २०२२ मध्ये सासवडकडे एक गाडी असल्याचं कळलं. मिस्त्रीला बरोबर नेणार होतो, पण त्याला वेळ रविवारी होता आणि मला गुरुवारीच घाई झाली. विकणारा म्हणाला, “साहेब, उद्या दुसरी पार्टी येतीय.” मंडळी, फ्लॅट असो की गाडी, ही दुसरी पार्टी नेहमी उद्याच येत असते. गाडीला ताजा चकचकीत रंग मारलेला होता आणि मी रंगावर भाळलो. ९५ हजार मोजले. सेल्फ मारला तर ढिम्म, म्हणून टेम्पोत घालून आणली. त्याचे साडेचार हजार.

मिस्त्रीने गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून पाहिलं आणि खिशातून छोटं लोहचुंबक काढलं. दरवाजाखालच्या पट्टीवर लावलं, पडलं. चाकाच्या कमानीवर लावलं, पडलं. म्हणाला, “साहेब, पत्रा नाही हा. लांबी भरलीय. जाड थर आहे.” पाच रुपयांचं चुंबक गुरुवारी माझ्या खिशात असतं, तर माझे निदान चाळीस हजार वाचले असते.

इथे थोडं तांत्रिक सांगतो, कारण सगळा हिशोब याच्यावर फिरला. जीपला खाली वेगळी चासी असते, वरची बॉडी सडली तरी सांगाडा शाबूत राहतो. पद्मिनीचं तसं नाही. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. बुडाचा पत्रा आणि दरवाजाखालच्या पट्ट्या म्हणजे आपल्या इमारतीचे कॉलम-बीम समजा. तिथे गंज म्हणजे नुसतं दिसायला वाईट नाही, गाडीचा जोर गेला. आतलं रबरी मॅट उचललं तर बुडातून गॅरेजची फरशी दिसली. डिकीत स्टेपनीखाली तेच, बॅटरीखाली तेच.

पत्र्याच्या कामाचा पहिला अंदाज होता ३५ हजार. लांबी खरवडत गेले तसा आकडा वाढत गेला आणि ८२ हजारांवर थांबला. डेंटर मला म्हणाला, “साहेब, वरचं काढल्याशिवाय आत काय आहे ते कसं कळणार?” मंडळी, हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. याच गच्चीवर.

त्या वेळी माझ्यापुढे दोन रस्ते होते. गाडी आहे तशी विकून साठ-सत्तर हजारांचा तोटा सोसायचा, किंवा पुढे जायचं. मनात आलं, इतके घातलेत, आता मागे कुठे फिरायचं? आपल्याकडे पुष्कळ पैसा याच एका वाक्यापायी जातो. गेलेले पैसे गेलेले असतात, यापुढचे किती जाणार तेवढंच बघायचं असतं. हे मी सभेत दुसऱ्यांना सांगितलंय. स्वतःला सांगितलं नाही.

डिसेंबरात दोन लाख संपले. गाडी बिनरंगाची, बिनकाचेची, चार विटांवर. मग मी ते केलं, जे आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतोय. स्वयंपाकघर नवीन करायला हिने दीड लाखाची एफडी ठेवली होती. ओटा, ट्रॉल्या, सिंकखालची गळती, सगळं त्यात होणार होतं. खातं दोघांच्या नावावर, पैसे कोणीही एकाने काढावेत असं लिहून दिलेलं. मी ती मुदतीआधी मोडली. विचार केला, मार्चपर्यंत परत भरू, कशाला सांगायचं?

बँकेचा मेसेज दोघांच्याही मोबाईलवर येतो, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

ती काही बोलली नाही. दोन दिवस घरात फक्त कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. तिसऱ्या दिवशी माझी ती डायरी टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाली, “सोसायटीचा रुपया न् रुपया लिहिलात ना? आता हे लिहा. आणि यापुढे प्रत्येक बिलावर माझी सही.” त्या दिवसापासून आमच्या पद्मिनीला जॉइंट सिग्नेटरी आहे. आणि खरं सांगतो, त्या दिवसापासूनच काम शिस्तीत आलं. कातडी सीट रद्द, साधं रेक्झिन. बाहेरून मागवायचे आरसे रद्द, ते बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात घासाघीस करून मिळाले.

तीन महिन्यांचे एकोणीस महिने झाले. सुटे भाग मिळेनात. पूर्वी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांमुळे पद्मिनीचं सामान कुठेही मिळायचं. २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. तेव्हा आमची गाडी गॅरेजमध्येच होती. नाना पेठेतला दुकानदार म्हणाला, “काका, आता हे ठेवून विकू कोणाला?”

उशिराचाही पैसा पडतो. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. माझ्या गाडीचं मे २०२१ ला संपलेलं होतं. उशिराला महिन्याला ५०० रुपये. तपासणीला गाडी धडधाकट न्यावी लागते, म्हणजे गाडी गॅरेजमध्ये जितकी रखडेल तितका दंड चढतो. फेब्रुवारी २०२४ पर्यंत ३३ महिने, साडेसोळा हजार. ठरल्याप्रमाणे तीन महिन्यांत झालं असतं तर साडेआठ हजारांत सुटलो असतो. शिवाय नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५,००० झाली होती. आता ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० झाली आहे. पुढच्या वेळी मलाही तीच.

तर हा घ्या हिशोब, ऑडिट झालेला:

गाडी – ९५,०००
टेम्पो – ४,५००
कागदपत्रं, दंड, पर्यावरण कर, एजंट – २९,०००
इंजिन (बोअर, पिस्टन, बेअरिंग, हेड) – ४८,०००
ब्रेक, किंगपिन, स्प्रिंगा – २७,०००
पत्र्याचं काम – ८२,०००
रंग – ६०,०००
वायरिंग, बॅटरी – १६,०००
पाच टायर – १७,५००
सीट, छताचं कापड, काचांची रबरं – २८,०००
क्रोम आणि बारीकसारीक – १४,५००
एकूण – ४,२१,५००

दोन लाखांची पद्मिनी सव्वाचार लाखांना पडली. मागच्या दिवाळीत एकाने सव्वादोन लाख देऊ केले. त्यामुळे कोणी ‘गुंतवणूक’ म्हणून जुनी गाडी घेत असेल, तर कृपया आधी माझ्याकडे चहाला या.

आपल्यातले दोघं-तिघं जुन्या गाडीच्या, बुलेटच्या विचारात आहेत असं कानावर आलंय. त्यांच्यासाठी चार गोष्टी.

पहिली, कागद आधी बघा. चासी नंबर आणि इंजिन नंबर नोंदणीच्या पुस्तकाशी स्वतः ताडून पाहा, कर्जाचा बोजा उतरलाय का, नोंदणी कधी संपते, सगळं. इंजिन दुरुस्त होतं, हरवलेले कागद होत नाहीत. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, दहा वर्षांची फी वीस हजार. पण ती गाडी रोज वापरता येत नाही आणि मूळ बॉडी, इंजिन बदललेलं चालत नाही. माझी गाडी पन्नाशी गाठेल २०४१ ला. मी तेव्हा ७९ चा असेन. बघू कोण आधी फिटनेस पास होतंय.

दुसरी, घेताना मिस्त्री बरोबर न्या, त्याची दिवसाची मजुरी द्या आणि चुंबक घ्या. खराब इंजिनाची चांगल्या पत्र्याची गाडी घ्या, चांगल्या इंजिनाची सडक्या पत्र्याची घेऊ नका.

तिसरी, खर्चाचा क्रम. आधी ब्रेक आणि स्टिअरिंग, मग बुडाचा पत्रा, मग इंजिन, मग वायरिंग. रंग सगळ्यात शेवटी. आणि ठरवलेल्या रकमेतला एक तृतीयांश भाग बजेटमध्ये कुठेही न दाखवता बाजूला ठेवा, तो लागतोच. शिवाय एक आकडा असा लिहा की त्याच्या पुढे गेलं तर थांबायचं. तो घरातल्या माणसासमोर लिहा आणि दोघांनी सही करा.

चौथी, गाडी तयार झाली की खर्च संपला असं नाही. थर्ड पार्टी विमा ३,४१६ रुपये, वर्षाला दोनदा ऑइल, ब्रेकचं सामान, बॅटरी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही आणि हवेतलं पाणी ओढतं, म्हणून सगळ्या नळ्या बदलल्या आणि दर रविवारी गाडी फिरवतो. पेट्रोल सोडून वर्षाला वीस-बावीस हजार जातात. त्यासाठी महिन्याला दोन हजार वेगळे टाकतो. आपण सोसायटीत सिंकिंग फंड काढतोच ना? उपविधीप्रमाणे बांधकाम खर्चाच्या पाव टक्का. दर महिन्याच्या बिलात ती ओळ दिसली की कुरकुर करणारे पुष्कळ आहेत. पंचवीस वर्षांच्या इमारतीचं आणि चौतीस वर्षांच्या गाडीचं दुखणं एकच असतं मंडळी, रंगाखाली काय चाललंय ते वरून दिसत नाही. स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय येत्या सभेत आहे. मी हात वर करणार आहे.

आमचं स्वयंपाकघर? झालं. दीड वर्ष उशिरा झालं, आणि दीड लाखाचं काम एक लाख पंच्याऐंशी हजारांना पडलं. वरचे पस्तीस हजार पद्मिनीच्या खात्यात टाका असा हिचा आग्रह होता. डायरीत तसे टाकलेत, वेगळ्या ओळीत, दोन सह्यांनी.

आणि तेव्हाचे आपले सेक्रेटरी आज इथे समोर बसलेत. भाऊ, २०१८ च्या सभेत मी जे बोललो ते चुकलं. वरचा थर खरवडल्याशिवाय आत काय आहे ते खरंच दिसत नाही. सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोरच माफी मागतो.

रविवारी सकाळी सातला गाडी काढतो. पुढच्या बाकावर दोघांची आणि मागे तिघांची जागा आहे. मुलांनो, हॉर्न वाजवा, पण हँड गिअर ओढू नका. दुसरा मिळत नाही.