फ्यूज पुन्हा पुन्हा का उडतो?

गाडी चालता चालता बंद पडली, मेकॅनिकने फ्युएल पंपाचा फ्यूज बदलला, आणि दोन दिवसांत तो पुन्हा उडाला. अशा वेळी लगेच नवा पंप घ्यायची घाई करू नका.

पंप साधारण चार ते आठ अँपिअर वीज ओढतो. फ्यूज बहुधा पंधरा किंवा वीसचा असतो. म्हणजे कुठेतरी विजेचा प्रवाह भलताच वाढतोय. पंपात की वायरीत, एवढंच शोधायचं.

बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली पंपाचा कनेक्टर असतो. तो काढा, नवा फ्यूज लावा आणि चावी फिरवा. तरीही उडाला, तर पंप निर्दोष. वायर कुठेतरी सोलून पत्र्याला टेकली आहे. उंदरांची करामतही असू शकते! दरवेळी फ्यूज जाळण्यापेक्षा त्याच्या जागी बारा व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब जोडावा. कनेक्टर काढलेला असताना बल्ब लख्ख पेटला, की शॉर्ट आहेच. मग वायरिंग एकेका ठिकाणी हलवत जायचं. बल्ब जिथे विझेल, तिथेच दोष.

कनेक्टर काढल्यावर फ्यूज टिकला, तर संशय पंपावर. टाकीत सतत थोडंच पेट्रोल ठेवणाऱ्यांचे पंप लवकर जातात, कारण पेट्रोलच त्यांना थंड ठेवतं.

टाकी उघडायचं काम मात्र मेकॅनिकवर सोपवा. आणि वीसच्या जागी तीसचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा कधीही लावू नका. फ्यूज वाचेल, वायर पेटेल.