मुठेकाठचं पुणं

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



'आपलं पुणं' या विषयावर दहा मिनिटं बोल, असा संयोजकांचा हुकूम आहे. पुण्याबद्दल बोलायचं तर शनिवारवाड्यापासून सुरू करायची पद्धत आहे. मी नदीपासून करतो. कारण आपण धायरीकर वर खडकवासला आणि खाली शहर, यांच्या मधे राहतो. २०१७ साली आपण महापालिकेत गेलो, पण शहराचं पाणी त्याआधी कितीतरी वर्षं आपल्या शेजारूनच जात होतं.

जुनं पुणं मुठेकडे तोंड करून बसलेलं होतं. ओंकारेश्वराचं देऊळ नदीकाठी, आपल्या विठ्ठलवाडीचा विठोबाही नदीकाठी. आषाढीला तिथे जी गर्दी होते ती तुम्ही पाहिली आहेच. आपल्यातले काही जण शाळा बुडवून गेलेले आहेत, नावं घेत नाही. लकडी पूल १७६१ चा, पानिपतानंतरचा.

मग १२ जुलै १९६१. पानशेतचं मातीचं धरण पुरतं बांधून झालेलं नव्हतं आणि पावसाने ते भरत चाललं होतं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी धरण फुटलं. ते पाणी खडकवासल्यात आलं आणि १८७९ पासून उभं असलेलं ते दगडी धरणही दुपारी फुटलं. शनिवार, नारायण, कसबा या पेठांतले वाडे बसले. आणि त्यातली विचित्र गोष्ट पाहा: गावभर पाणी, पण नळ कोरडे! शहराला पाणी पुरवणारं धरणच वाहून गेलं होतं. लोक पुन्हा आड आणि जुन्या हौदांकडे वळले. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून आणलेलं पाणी दोनशे वर्षांनी असं आठवलं.

आजचं पुणं बरंचसं त्या पुरानंतर घडलं, असं माझं मत आहे. नदीकाठची माणसं उठून गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वस्त्यांत गेली. पेठेतला वाडा सुटला, शेजार सुटला. पत्त्यात 'पूरग्रस्त वसाहत' लिहिताना एखाद्या आजोबांना काय वाटत असेल!

पण शहर नदीपासून लांब गेलं ते थोडाच काळ. पुन्हा पात्राला खेटून इमारती आल्या. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरात पाणी शिरलं, तेव्हा धरण फुटलेलं नव्हतं. जोराचा पाऊस होता आणि खडकवासल्यातून विसर्ग चालू होता, एवढंच.

आपल्यातले बरेच जण मुलांसाठी या भागात फ्लॅट बघताहेत, म्हणून कामाचं सांगतो. नकाशावर दोन पूररेषा असतात. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. बिल्डरला जिमखाना आणि पार्किंग विचारण्याआधी या रेषा विचारा. 'रिव्हर व्ह्यू'चे जादा पैसे नंतर द्या.

शेवटी एक विनंती. १९६१ चा पूर पाहिलेली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. नांदेड, वडगाव, हिंगणे, धायरी इथल्या घरांमधून त्यांनी काय पाहिलं, गुरं कुठे हलवली, शेतात किती गाळ बसला, हे फारसं कुणी लिहून ठेवलेलं नाही. लिहिलं गेलं ते पेठांचं. ज्यांच्या घरी अशी जुनी माणसं आहेत त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला गाठा. मी वही घेऊन पिंपळाच्या पारावर बसतो.