विद्यापीठाची व्याख्याने आणि आपला निधी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदाच्या संमेलनात आम्ही चार शब्द बोलावे अशी चिटणीसांची आज्ञा झाली, आणि विषयही त्यांनीच नेमून दिला. मंडळाच्या निधीच्या व्याजातून एखाद्या विद्यापीठात दरवर्षी जाहीर व्याख्याने व्हावीत, अशा आशयाचा ठराव उद्याच्या साधारण सभेपुढे येत आहे. त्यापूर्वी अशी व्याख्याने म्हणजे काय, ती कोणी सुरू केली व त्यांचा उपयोग कोणास झाला, याची थोडी माहिती सभासदांस असावी, हा हेतु.

आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे सारे आयुष्य शाळेत मुले शिकविण्यात गेले. विद्यापीठाच्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसण्याचा योग कधी आला नाही. तेव्हा विद्यापीठाच्या व्याख्यानांवर आम्ही बोलावे याचे काही पदवीधर बांधवांस हसू येईल. त्यांनी अवश्य हसावे. पण ही व्याख्याने मुळात पदवीधरांसाठी निघालेलीच नाहीत, हे आमचे म्हणणे ऐकून घेऊन मग हसावे.

आपल्याकडील मुंबई, कलकत्ता व मद्रास ही तीन विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली. आरंभी विद्यापीठ म्हणजे केवळ परीक्षा घेणारी व पदव्या देणारी संस्था होती. शिकविण्याचे काम कॉलेजांकडे. विद्यापीठाचा स्वतःचा अध्यापक असा नव्हताच. अशा काळात विद्यापीठाच्या नावाने कोणी उभे राहून काही सांगावे, हे प्रथम घडले ते दानशूर माणसांनी व त्यांच्या चाहत्यांनी ठेवलेल्या निधींमुळे. कलकत्त्यास प्रसन्नकुमार टागोर यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून कायद्यावरील टागोर व्याख्याने सुरू झाली. १८७८ साली त्या व्याख्यानांत गुरुदास बानर्जी यांनी हिंदु विवाह व स्त्रीधन हा विषय घेतला. लग्न आणि स्त्रीधन! घराघरांत ज्यावरून भांडणे होत आणि ज्याचे शास्त्र कोणास धड ठाऊक नसे, असा हा विषय. त्या व्याख्यानांचा ग्रंथ झाला आणि पुढे वकील-न्यायाधीश तो हाताशी ठेवू लागले.

मुंबईस रेव्हरंड डॉ. जॉन विल्सन यांच्या नावाने भाषाशास्त्रावरील व्याख्याने ठरली. विल्सनसाहेब स्कॉटलंडहून आलेले मिशनरी; हिंदु व पारशी धर्मांवर त्यांनी कडक वाद घातलेले. त्यांच्या नावाची व्याख्याने १८७७ साली दिली कोणी, तर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी! संस्कृत, पाली, प्राकृत, अपभ्रंश आणि त्यांतून निघालेल्या मराठी-हिंदी-गुजराथीसारख्या भाषा, यांवर सात व्याख्याने झाली. आपण घरात बोलतो ती मराठी संस्कृतापासून कोणकोणत्या पायऱ्या उतरून आली, याचा शास्त्रशुद्ध हिशेब या देशातील एका विद्वानाने त्यांत मांडला. विल्सनच्या नावाचा निधी आहे म्हणून ख्रिस्ती माणूसच बोलावा, किंवा मिशनचे गुणगान व्हावे, असा आग्रह कोणी धरला नाही. ही सात व्याख्याने एकत्र ग्रंथरूपाने मात्र १९१४ साली, म्हणजे सदतीस वर्षांनी निघाली. छपाईचा खर्च आरंभीच बाजूस काढून ठेवला पाहिजे, हे निधी ठेवणाऱ्यांनी यावरून लक्षात घ्यावे.

आता ज्याचे उदाहरण आम्हांस सर्वांत जवळचे वाटते, त्याकडे येतो. स्कॉटलंडमध्ये लॉर्ड गिफर्ड नावाचे न्यायाधीश होते. वकिलीत व न्यायासनावर त्यांनी बराच पैसा मिळविला. १८८५ साली त्यांनी मृत्युपत्र केले आणि एडिंबरो, ग्लासगो, ॲबर्डीन व सेंट ॲण्ड्रूज या चार विद्यापीठांस मिळून ८०,००० पौंड ठेवले. विषय लावून दिला तो ईश्वरविषयक ज्ञानाचा. आता असा विषय लावून देणारा धार्मिक गृहस्थ अटी काय घालील? आपल्यापैकी कोणी मृत्युपत्र केले असते तर काय लिहिले असते, याची कल्पना करून पाहावी. गिफर्ड यांनी लिहिले ते असे की, व्याख्याता कोणत्याही पंथाचा चालेल, कोणत्याच पंथाचा नसला तरी चालेल, संशयवादीही चालेल. तो विचारी आणि सत्याचा शोध मनापासून करणारा असला म्हणजे झाले. आणि दुसरी अट अशी की, व्याख्याने सर्व समाजास खुली असावीत. मॅट्रिक्युलेशन न झालेल्यासही आत येता यावे. तिकडे मॅट्रिक्युलेशन म्हणजे विद्यापीठाच्या पटावर नाव दाखल होणे, परीक्षा नव्हे, हे आम्हांस ठाऊक आहे; तरी त्या शब्दापाशी आम्ही क्षणभर थांबलो, हे सांगण्यास हरकत नाही.

१८८८ साली ही व्याख्याने सुरू झाली. आपल्या ऋग्वेदाचे संपादक मॅक्समुल्लर हे ग्लासगोचे पहिले व्याख्याते. १९०१-०२ साली एडिंबरोस विल्यम जेम्स यांनी वीस व्याख्याने दिली. हे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ, धर्मोपदेशक नव्हेत. माणसाला धर्माचा अनुभव येतो म्हणजे त्याच्या मनात काय घडते, हे त्यांनी सांगितले. त्यांचा तो ग्रंथ अद्याप वाचला जातो. गिफर्ड यांनी आपल्याच पंथाचा माणूस नेमण्याची अट घातली असती तर मॅक्समुल्लर आले नसते, जेम्सही आले नसते, आणि आज या सभागृहात गिफर्ड यांचे नाव निघण्याचे काहीच कारण उरले नसते.

व्याख्यान म्हणजे एकाने बोलावे व इतरांनी टाळ्या वाजवाव्या, एवढेच नव्हे. केंब्रिजचे जेम्स स्टुअर्ट हे १८६७ साली इंग्लंडच्या उत्तर भागातील शहरांत स्त्रियांपुढे व्याख्याने देण्यास गेले. पुरुष व्याख्यात्याने तरुण स्त्रियांस तोंडी प्रश्न विचारणे त्या काळी शिष्टसंमत नव्हते. म्हणून स्टुअर्ट यांनी प्रश्न छापून दिले आणि उत्तरे लिहून घेतली. रॉचडेल येथे सहकारी संस्थेच्या कामगारांपुढे ते बोलत असत. एके दिवशी निघण्याची घाई होती, म्हणून भिंतीवरचे तक्ते पुढल्या आठवड्यापर्यंत तसेच राहू द्यावेत, असे त्यांनी तेथील माणसास सांगितले. परत येऊन पाहतात तो, ते तक्ते पाहून सभासदांत आठवडाभर चर्चा चाललेली! आपण थोडे आधी याल काय, आम्हांस विचारावयाचे आहे, असा निरोप त्यांस मिळाला. यातूनच व्याख्यानाला जोडून वर्ग भरविण्याची रीत पडली, आणि १८७३ पासून केंब्रिज विद्यापीठाने हे काम आपल्या अंगावर घेतले. विद्यापीठाने भिंतीबाहेर जावे ही कल्पना तेथून पसरली.

आपल्याकडे लोकांनी लोकांसाठी चालविलेली वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ति रानड्यांनी १८७५ सालीच पुण्यास सुरू केली होती. तिचे नाव सर्वांस ठाऊक आहे. पण विद्यापीठाने गावोगाव जाण्याचे काम आपल्याकडे बहिःशाल शिक्षण मंडळाने केले. बॅ. मुकुंदराव जयकर हे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरु. त्यांच्या नावाची व्याख्यानमाला बहिःशालमार्फत तालुक्यातालुक्यांतून झाली. आमच्या गावीही ती येई. विद्यापीठाने व्याख्याता पाठवावा, आणि शाळेचा हॉल, सतरंज्या, पाण्याचा माठ व फळ्यावरची जाहिरात आम्ही पाहावी, अशी वाटणी असे. श्रोते कधी तीनशे, तर कधी पावसामुळे सतरा. राजकारणावरील व्याख्यानास पुढारी मंडळी पुढच्या रांगेत येऊन बसत व हारतुरे आटोपताच उठून जात. खरे ऐकणारे मागे असत.

१९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अंमलात आली आणि ग्रामपंचायतींत स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखल्या गेल्या. त्यानंतरच्या हिवाळ्यात आमच्याकडे पंचायत राज्यावर व्याख्यान झाले. व्याख्यान बरे होते, फारसे रंगले नाही. पण प्रश्नोत्तरे सुरू झाली तेव्हा मागे बसलेल्या एका बांगड्या विकणाऱ्या बाईंनी विचारले, "साहेब, बाई सरपंच झाली तर चेकावर सही तिची, का तिच्या मालकाची?" सभेत हशा पिकला. प्राध्यापक मात्र हसले नाहीत. त्यांनी खडू घेतला, फळ्यावर पंचायतीचा पैसा कोठून येतो, कोणाच्या हातून जातो, कोणता अधिकार कोणास आहे, हे सारे मांडले, आणि मूळ व्याख्यानास लागला त्याहून अधिक वेळ त्या एका प्रश्नास दिला. हशा केव्हाच थांबला होता. त्या बाई आपल्या ज्ञातीच्या नव्हत्या, आणि ते प्राध्यापकही नव्हते.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण ठरावाच्या मसुद्यातील चौथे कलम. त्यात लिहिले आहे की, व्याख्याता शक्यतो आपल्या ज्ञातीचा असावा, आणि विषय ज्ञातीचा इतिहास, परंपरा व थोर पुरुष यांसंबंधी असावा. कलम लिहिणाऱ्यांच्या मनातील प्रेम आम्ही जाणतो. पैसा आपला, मग नाव, माणूस व विषयही आपलाच का नसावा, असे ते विचारतात. वसतिगृह व शिष्यवृत्ती यांच्या बाबतीत हा विचार आम्हांस मान्य आहे. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. ज्याच्या पोटास अन्न नाही व डोक्यावर छप्पर नाही त्यास आपल्या माणसांनी प्रथम हात द्यावा, यात गैर काही नाही. पण जेवणाचे पान वाढणे निराळे आणि विचार करावयास बसणे निराळे. आपलाच माणूस आपल्यालाच आपलेच मोठेपण सांगू लागला तर त्यास विद्यापीठ कशास हवे? ते काम ही स्मरणिका दरवर्षी करीतच आहे.

अट घातल्याने काय होते, याचे एक उदाहरण ज्ञातीच्या व्यासपीठावरून सांगणे थोडे अवघड आहे, तरी सांगतो. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. आंबेडकरांस अध्यक्षीय भाषणासाठी बोलाविले. भाषणाचा मसुदा पाहून मंडळींस त्यातील काही भाग नको वाटला. तो गाळावा असे त्यांनी सुचविले. डॉक्टरसाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. परिषद झालीच नाही. भाषण त्यांनी पदरमोड करून छापले, आणि आज ते जगभर वाचले जाते. बोलाविणारे मंडळ जातिभेद मोडण्यासाठी निघालेले होते. त्यांसही न रुचणारे ऐकवेना!

याउलट पुण्याचे. साताऱ्याचे रावबहादूर आर. आर. काळे यांच्या देणगीतून १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, आणि त्यांच्या नावाचे व्याख्यान त्या संस्थेत होऊ लागले. लाहोरची परिषद मोडल्यास तीन वर्षेही झाली नव्हती, तोच २९ जानेवारी १९३९ रोजी काळे स्मारक व्याख्यान देण्यास डॉ. आंबेडकर उभे राहिले. विषय, संघराज्य की स्वातंत्र्य. १९३५ च्या कायद्यातील संघराज्याच्या योजनेचे त्यांनी कलमवार विच्छेदन केले. संस्थानिकांस मिळणारे स्थान पाहता ही योजना स्वातंत्र्याच्या आड येते, असे त्यांनी दाखविले. ते व्याख्यान छापून निघाले. काळे यांचे नाव त्या व्याख्यानाबरोबर राहिले. आणि त्यासाठी काळे यांच्या घराण्याविषयी डॉक्टरसाहेबांस एक शब्दही बोलावा लागला नाही.

आमची दुरुस्ती थोडक्यात अशी. चौथे कलम गाळावे. त्या जागी, राज्यकारभार, समाज, इतिहास, भाषा यांपैकी कोणताही विषय आणि कोणत्याही जातिधर्माचा व्याख्याता विद्यापीठाने निवडावा, एवढेच असावे. व्याख्याने मराठीत व्हावीत. तीन व्हावयाची असतील तर एक तरी विद्यापीठाच्या आवाराबाहेर, एखाद्या तालुक्याच्या गावी व्हावे. दार सर्वांस खुले असावे. व्याख्यानाइतकाच वेळ प्रश्नांस राखावा. व्याजाचा एक भाग छपाईसाठी वेगळा ठेवून पुस्तिका वर्षाच्या आत निघावी, आणि ती तालुका वाचनालयांस फुकट जावी. ज्ञातीच्या इतिहासावर कोणी अभ्यासू मनुष्य बोलू इच्छील तर त्यास मज्जाव नाही. मात्र त्याने स्तुतीच करावी अशी अपेक्षा नसावी.

मंडळाच्या नावाने दिलेल्या व्याख्यानात आपल्यावरच टीका झाली तर, असे काल एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस विचारले. होईल. आपल्यातील हुंड्याविषयी, विधवांविषयी, इतरांशी आपण कसे वागलो याविषयी कोणी बोलेल, आणि ते आपल्याच पैशाने छापले जाईल. हे ज्यांस सोसवणार नाही त्यांनी उद्या ठरावाविरुद्ध मत द्यावे, पैसा मंगल कार्यालयाच्या बांधकामाकडे वळवावा. ते प्रामाणिकपणाचे होईल. विद्यापीठाचे नाव घेऊन आपलाच भाट नेमणे मात्र आम्हांस मान्य नाही.

दुरुस्तीची लेखी प्रत आज दुपारी चिटणीसांकडे दिली आहे. नियमाप्रमाणे तीस पाच अनुमोदक लागतात. तीन सह्या झाल्या आहेत. त्यांतील दोन भगिनींच्या आहेत. कागद जेवणानंतर कार्यालयाच्या टेबलावर ठेवलेला असेल.