अडचण बाजूला ठेवून सांगा

अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यातून, वर्धा नदीच्या काठावरच्या कौंडण्यपूरहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. माईकसमोर एकच जण बसली आहे, पण जे सांगायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे.

आज तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे. हातातलं काम थांबवू नका, तांदूळ निवडता निवडता ऐका. असं धरून चाला की पैशाची अडचण नाही. शिक्षण किती झालं, वय किती, लेकरं कोण पाहील, सैपाक कोण करील, लोक काय म्हणतील, यातलं काहीच आड येत नाही. मग तुम्हाला कोणतं काम करायला आवडेल?

शाळेतल्या पोरांना हा प्रश्न दरवर्षी निबंधात येतो. बाईला मात्र लग्नानंतर कोणी विचारत नाही. तिला विचारतात, "तुम्ही काय करता?" आणि दिवसभर निंदण करून, कापूस वेचून, संध्याकाळी चूल पेटवणारी बाई सांगते, "काही नाही, घरीच असतो."

आमच्या गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, हजेरी झाली आणि मग हा प्रश्न टाकला. पहिली उत्तरं पटापट आली. शेळ्या घेईन. शिलाई मशीन घेईन. पिठाची गिरणी टाकीन. पापड-कुरड्यांचा धंदा करीन. ही सगळी चांगली कामं आहेत, त्यांवर आमच्यातल्या कितीतरी जणींची घरं चालतात. पण ऐकताना एक गोष्ट लक्षात आली. ही सगळी उत्तरं कर्जाच्या अर्जात 'कर्जाचे कारण' असा जो रकाना असतो, त्यात बसणारी होती. पंधरा वर्षं तो रकाना भरता भरता आवड काय आणि मंजूर काय होईल, हे दोन्ही एकच होऊन बसतं.

म्हणून पुन्हा विचारलं. कर्ज घ्यायचं नाही, फेडायचं नाही. आता सांगा. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मागून एक जण म्हणाली, "मले त एसटी चालवाची हाय."

सगळ्या हसल्या. ती चिडली नाही, एवढंच म्हणाली, "हासता काहून व?" आणि खरंच, त्यात हसण्यासारखं काय होतं? त्यानंतर मात्र बांध फुटल्यासारखं झालं. एकीला बँकेत खुर्चीवर बसून सही करायची होती. एकीला ढोरांची डॉक्टर व्हायचं होतं, कारण तिच्या डोळ्यांदेखत गाय गेली आणि डॉक्टर दुसऱ्या दिवशी आला. एकीला कीर्तन करायचं होतं, नुसतं टाळ धरायचं नाही, उभं राहून निरूपण करायचं. एकीला नर्स व्हायचं होतं, ती आज बावन्न वर्षांची आहे.

आणि आमच्यातली सगळ्यात वडील बाई म्हणाली, "मले कोनतंच काम नोको. सकायी उठलं का कोनी हाती चहा आनून देल्ला पायजे."

यावरही आधी हसू आलं, मग सगळ्या गप्प झाल्या. आम्ही तिला सांगितलं नाही की आजी, प्रश्न कामाचा आहे. तिनं बरोबर उत्तर दिलं होतं. आठव्या-नवव्या वर्षापासून जिचा हात थांबलेला नाही, तिला 'आवडीचं काम' विचारलं तर ती आराम मागणार. ते उत्तर जसंच्या तसं रजिस्टरमध्ये लिहिलं. बचत गटाच्या व्याख्यानात बाईला नेहमी आणखी एक धंदा जोडायला सांगतात. तिच्या डोक्यावर आधीच किती कामं आहेत, ते आधी मोजायला पाहिजे असं आम्हाला वाटतं.

आमच्या गावाला रुक्मिणीचं माहेर म्हणतात. पंढरपूरला जाणारी इथली पालखी फार जुनी आहे. भावानं ठरवलेलं स्थळ नको म्हणून रुक्मिणीनं स्वतः पत्र पाठवलं, ही कथा गावातल्या बारक्या पोरीलाही तोंडपाठ आहे. कथेत ते पत्र आपल्याला गोड वाटतं. घरातली सून तोंडानं म्हणाली की मला अमुक करायचं आहे, तर ते तेवढं गोड वाटत नाही. असो.

उत्तरं लिहून झाल्यावर आम्ही दुसरं काम केलं. बाजूला ठेवलेल्या अडचणी एकेक करून परत आणल्या आणि प्रत्येकीच्या नावापुढे लिहिल्या. फक्त एक फरक केला. अडचण लिहिताना तिच्यासमोर हेही लिहायचं की ही अडचण घातली कोणी? पैशानं, घरानं, शरीरानं, की कोणीतरी लिहिलेल्या नियमानं?

एसटीचंच घ्या. आम्हाला वाटायचं, बाईला एसटी चालवता येत नाही हा निसर्गाचाच नियम आहे. पाहायला गेलो तर तो भरतीच्या अटींचा भाग होता. उंची एवढी पाहिजे, जड वाहनाचा परवाना पाहिजे, त्याचा इतक्या वर्षांचा अनुभव पाहिजे. खेड्यातली बाई ट्रक चालवून अनुभव कुठून आणणार? २०१९ मध्ये राज्य परिवहन महामंडळानं महिला चालकांसाठी या अटी बदलल्या. उंची १६० वरून १५३ सेंटीमीटरवर आणली, जड वाहनाऐवजी हलक्या वाहनाचा परवाना चालेल असं ठरवलं आणि मोठी गाडी शिकवायचं काम स्वतःकडे घेतलं. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या आदिवासी मुलीही त्यात निवडल्या गेल्या. मध्ये कोरोना आला, प्रशिक्षण लांबलं, पण २०२३ मध्ये महिला चालक प्रवासी घेऊन रस्त्यावर आल्या. त्याच वर्षी मार्चपासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट झालं. अर्ध्या तिकिटाची बातमी गावात एका दिवसात पोचली, बाई ड्रायव्हर झाल्याची बातमी आमच्या बैठकीत कोणालाच माहीत नव्हती.

आणखी एक. पूर्वी भाड्याची गाडी चालवायच्या परवान्याला आठवी पास असावं लागे. ती अट केंद्र सरकारनं २०१९ मध्येच काढली. एसटीच्या नोकरीला दहावी लागतेच, पण मालवाहू रिक्षा किंवा शाळेची गाडी चालवायची तर पुस्तकं आड येत नाहीत.

रेल्वेचं तर त्याही आधीचं आहे. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८० च्या दशकाच्या शेवटी मध्य रेल्वेत सहायक चालक म्हणून लागल्या, तेव्हा देशात दुसरी बाई इंजिनात नव्हती. त्यांनी मालगाडी चालवली, घाटातली गाडी चालवली, डेक्कन क्वीन चालवली, २०२३ मध्ये सोलापूर-मुंबई वंदे भारत चालवली आणि २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांना आधी शिक्षिका व्हायचं होतं. म्हणजे स्वप्न लहानपणीच पडलं पाहिजे असंही काही नाही. समोर काम आलं, हातात बसलं, मग आवडलं, असंही होतं.

बँकेच्या खुर्चीवर बसायचं म्हणणाऱ्या ताईला आम्ही म्हसवडची गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सविस्तर सांगतो. सातारा जिल्ह्यात माण तालुका आहे, कायम दुष्काळी. तिथे लोहारकाम करणारी एक बाई होती. रस्त्याच्या कडेला पालात राहायची. पावसाळ्याआधी पालावर टाकायला ताडपत्री घ्यावी म्हणून तिला थोडे थोडे पैसे साठवायचे होते. कर्ज नको होतं, स्वतःचेच पैसे ठेवायचे होते. तरी बँकेनं खातं उघडलं नाही, रक्कम फार लहान म्हणून. तेव्हा चेतना सिन्हा यांनी ठरवलं की बायांची स्वतःचीच बँक काढायची. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला आणि परत आला. कारण काय, तर बँक काढणाऱ्या काही बायांना लिहिता-वाचता येत नाही, अर्जावर अंगठे आहेत.

चेतनाताई निराश होऊन परतल्या. पण बायाच म्हणाल्या, रडता कशाला, आम्ही शिकतो. दिवसभर कामं करून त्या रात्री अक्षरं गिरवायला बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा अर्ज केला आणि या वेळी त्या बाया स्वतः सोबत गेल्या. साहेबांना म्हणाल्या, आम्हाला लिहिता येत नाही म्हणून तुम्ही अर्ज नाकारला, पण हिशेब येतो. कोणत्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. आज ती आहे.

ही गोष्ट सांगितल्यावर आमची ताई म्हणाली, मला तर दहावीपर्यंत लिहिता येतं. हे तिचं तिलाच तेव्हा सुचलं. बँक लगेच निघत नाही, पण 'उमेद' अभियानात बँक सखीचं काम आहे, ढोरांची आवड असणारीसाठी पशुसखीचं आहे. प्रशिक्षण मिळतं. दोघींनी चौकशी सुरू केली आहे. इथे एक सावध करतो. पशुसखी म्हणजे डॉक्टर नव्हे. लसीकरण, जंताचं औषध, प्राथमिक उपचार एवढं ते काम आहे. "घे, तुझं स्वप्न पूर्ण झालं" असं म्हणून कोणाच्या स्वप्नाला कात्री लावू नये. पहिली पायरी आहे, पायरी म्हणूनच सांगावी.

काही कामं अशीही असतात की पाच वर्षांपूर्वी कोणी स्वप्नातही मागितली नसती. शेतात औषध फवारणारं ड्रोन घ्या. नमो ड्रोन दीदी योजनेत देशातल्या १५,००० गटांना ड्रोन द्यायचं ठरलं, किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत मदत, आणि गटातल्या एकीला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. पाठीवर पंप घेऊन फवारणी करणाऱ्यांना विषबाधा होते, ते आपल्या विदर्भाला वेगळं सांगायला नको. म्हणून हे काम आम्हाला नुसतं नवलाचं वाटत नाही.

सगळ्याच अडचणी नियमाच्या निघाल्या असं मात्र नाही. बावन्नव्या वर्षी नर्सिंगचं शिक्षण सहज होईल, असं खोटं कसं बोलायचं? तिला आम्ही विचारलं, त्या कामातलं तुला नेमकं काय आवडतं? पांढरा ड्रेस, पगार, की दुखणाईताजवळ बसणं? ती म्हणाली, बाळंतिणीजवळ बसायला आवडतं, तिची भीती जाते. हे तर ती आजही करते, गावात कोणाची पहिली खेप असली की तिलाच बोलावतात. फक्त त्याला कोणी काम म्हटलं नव्हतं. पैसे मिळतील असं त्यातून काही उभं राहील का, याचं उत्तर आम्हाला अजून सापडलं नाही. शोधतो आहोत.

अशा वेळी घरातून एक उत्तर हमखास येतं, "जाऊ दे, लेकीला नर्स कर." आम्हाला ते पटत नाही. लेकीच्या दप्तरात आपलं राहिलेलं स्वप्न कोंबलं तर ती तिचं कुठे ठेवील? लेकीला तिचंच विचारा, आणि आईला आईचं.

तुमच्या गटात हा प्रश्न घ्यायचा असेल तर हप्ते गोळा झाल्यावर घ्या, आधी नको, नाहीतर मन हिशेबातच राहतं. पहिल्या उत्तरावर थांबू नका. कोणी हसलं तर हसू द्या, पण उत्तर लिहून घ्या. ज्या कामाला शिकावं लागतं, त्यासाठी जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत विचारा. तिथे राहून, फुकट शिकवतात, कोणते वर्ग कधी आहेत तेवढं आधी पाहून घ्या.

एसटीवाल्या ताईचं पुढे काय झालं, ते तिला विचारूनच सांगतो. शिकाऊ परवान्याचा अर्ज भरला आहे. तो सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. गाडी शिकायच्या फीसाठी तिनं गटातून अंतर्गत कर्ज मागितलं आणि रजिस्टरच्या कारणाच्या रकान्यात 'गाडी शिकण्यासाठी' असं लिहिलं. हरकत कोणी घेतली नाही. मुक्कामी गाडीची ड्युटी लागली तर दोन लेकरांचं काय, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. नवरा म्हणतो, तेव्हाचं तेव्हा पाहू. सासूबाईंना सांगायला आम्ही तिघी गेलो होतो. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. बराच वेळ सुपातले दाणे निवडत राहिल्या आणि मग सुनेला म्हणाल्या, "मंग मले आर्वीले माह्या माहेरी तूच नेशीन काय?"