रुग्णांची परस्परसेवा
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवांत, रुग्णांसाठीं झालेल्या मिस्सेनंतर दिलेलें भाषण)



आज सकाळच्या मिस्सेस आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ आजारी माणसें आलीं. कोणी खुर्चीवर बसून, कोणी काठी टेकीत, कोणी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. थोड्या वेळानें तीं आपापल्या खोलींत परत जातील आणि मागें दार लोटलें जाईल. त्या दाराआडच्या एकटेपणाविषयीं मला आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

संत योहानाच्या शुभवर्तमानांतील बेथेस्दा तळ्याचा वृत्तांत आपणां सर्वांस ठाऊक आहे. ३८ वर्षें आजारी असलेला एक मनुष्य तेथें पडून होता. पाणी हाललें असतां त्यास तळ्यांत उतरविणारें कोणी नव्हतें. हा वृत्तांत ऐकतांना प्रभूच्या दयेकडे आपलें लक्ष जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. तो मनुष्य तेथें एकटा नव्हता. आंधळे, लंगडे, पांगळे असा मोठा समुदाय त्याच्या सभोंवतीं होता. समुदाय होता, पण सोबत नव्हती. कारण प्रत्येकाची नजर पाण्यावर होती आणि दुसऱ्याच्या आधीं आपण उतरावें ही प्रत्येकास घाई होती.

कांहीं वर्षांपूर्वीं मी स्वतः तसाच पडून होतों. पाठीच्या कण्याच्या क्षयानें मला कित्येक महिने उताणें निजविलें. भेटावयास येणारांची उणीव नव्हती. कोणी शहाळें आणी, कोणी उशाशीं बसून जपमाळ म्हणे, कोणी आपल्या आप्तांच्या दुखण्याचे दाखले देई. त्या सर्वांचें ऋण मी मानतों. परंतु औषध सुरू झाल्यावर माझ्या लघवीचा रंग नारिंगी झाला, तेव्हां तें रक्तच असावें ह्या भयानें तीन रात्री माझा डोळा लागला नाहीं. आणि लाजेमुळें मी कोणाजवळ बोललोंही नाहीं. शेजारच्या खाटेवरील गृहस्थ माझ्याआधीं पांच महिने तेंच औषध घेत होते. ते हिंदु होते. माझा चेहरा पाहून त्यांनीं आपण होऊन सांगितलें, "घाबरूं नका, भाऊ. तो गोळीचा रंग आहे. हवें तर डॉक्टरांना विचारून घ्या." डॉक्टरांनींही तेंच सांगितलें.

त्या दिवसापासून रोज सकाळीं ते मला विचारीत, "गोळ्या घेतल्या का?" आणि मीही त्यांस तेंच विचारीत असें. पुढें एके दिवशीं त्यांसच त्या गोळ्यांचा वीट आला. क्षयाचें औषध अर्ध्यावर सोडल्यास रोग उलटतो, आणि त्याचे जंतू पुढें औषधास दाद देईनासे होतात, हें डॉक्टरांनीं आम्हां दोघांस बजावलें होतें. त्यांस त्या दिवशीं समजावून धीर देण्याचें काम माझ्याकडे आलें. कूस पालटण्यासही जो परस्वाधीन होता, त्याच्या हातून एका मनुष्याची सेवा घडली! आपण अगदींच निरुपयोगी झालों, हा माझ्या मनांतील विचार त्या दिवशीं प्रथम दूर झाला.

बंधुभगिनींनो, ही वाट कांहीं मीं शोधून काढलेली नव्हे. १९१४ सालीं लुई पेरो ह्यांनीं फ्रेंच भाषा बोलणाऱ्या कॅथोलिक रुग्णांचा एक संघ सुरू केला. त्याच धर्तीवर १९४७ सालीं अमेरिकेंतही रुग्णांचा संघ निघाला. ह्या संघांची रीत अगदीं साधी. थोड्या रुग्णांचा एक गट असावयाचा आणि पत्रांचें एक पुडकें टपालानें एकाकडून दुसऱ्याकडे जावयाचें. ज्याच्या घरीं तें पोंचे तो सर्वांचीं पत्रें वाची, आपलें मागील फेरीचें पत्र काढून घेई, नवें लिहून आंत ठेवी आणि पुडकें पुढें धाडी. अशा रीतीनें वर्षानुवर्षें घराबाहेर न पडलेल्या माणसांसही जिवाभावाचे मित्र लाभले.

दुसरें उदाहरण आपल्या देशाशीं निगडित आहे. बेल्जममधील अँटवर्पच्या जाकलीन द डेकर ह्या बाई दुसऱ्या महायुद्धानंतर गोरगरिबांच्या सेवेसाठीं भारतांत आल्या. १९४८ सालीं पाटण्यास संत मदर तेरेसांशीं त्यांची गांठ पडली; मदर त्या वेळीं तेथें शुश्रूषेचें शिक्षण घेत होत्या. मदरच्या कार्यांत सामील होण्याची बाईंची तीव्र इच्छा होती. परंतु पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळें त्या मायदेशींच अडकून पडल्या, आणि शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया त्यांच्या वांट्यास आल्या. १९५२ सालीं मदरनीं त्यांस पत्रानें कळविलें कीं, तुम्ही आपलें दुखणें व प्रार्थना अर्पण करून आमच्या कार्यांत भागीदार व्हा. बाईंनीं तें मान्य केलें, आणि आपल्यासारखे इतर रुग्ण शोधून एकेका सिस्टरशीं एकेका रुग्णाची जोडी लावून दिली. जी कलकत्त्यास येऊं शकली नाहीं, तिनें आपल्या अंथरुणावरून कितीतरी रुग्णांस सेवेंत आणिलें. २००९ सालीं त्या प्रभूघरीं गेल्या.

आपणही हें करूं शकूं. ह्या धर्मग्रामांत कोणी आठवड्यांतून दोनतीनदां डायलिसिसला जातो. कोणी कर्करोगाच्या उपचारासाठीं मुंबईच्या खेपा घालतो. कोणी पक्षाघातानें खिळलेला आहे. एकाच वाटेनें जाणाऱ्या ह्या माणसांची एकमेकांशीं ओळखही नाहीं! आठ रुग्णांमागें एक वही ठेवावी. धर्मशिक्षणास येणाऱ्या मुलांनीं ती एका घरून दुसऱ्या घरीं न्यावी. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांनीं सांगावें व घरच्यांनीं लिहून घ्यावें.

परंतु तीन गोष्टींची सावधगिरी असावी. वहींत धीर द्यावा, औषध देऊं नये. एकाची गोळी दुसऱ्यानें घेऊं नये, औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच. वहींतील मजकूर वहींतच राहावा. तो बाजारांत जातां कामा नये. आणि आजारी माणसानें सदा हंसतमुखच असावें, असा आग्रह कोणीं धरूं नये. स्तोत्रकर्त्यानेंही देवाजवळ गाऱ्हाणें मांडलें आहे; मग आपल्या शेजाऱ्यानें तें आपल्याजवळ मांडलें तर आपण कां कंटाळावें?

आणि आपण धडधाकट माणसांनीं भेटावयास जाणें सोडूं नये. मात्र जातांना फळांबरोबर एखादें कामही न्यावें. "आजोबा, अमक्या घरच्या मुलाची उद्यां शस्त्रक्रिया आहे, त्याच्यासाठीं जपमाळ म्हणाल का? चार ओळी लिहून द्याल का?" असें विचारून पाहावें.

गेल्या ५० वर्षांत आपण मंदिर बांधलें, शाळा बांधली. आतां ह्या लोटलेल्या दारांमधून एक पाऊलवाट पडावी, एवढीच माझी विनंति आहे. बेथेस्दाच्या त्या मनुष्याकडे प्रभु स्वतः चालत गेला. आपल्यांतील प्रत्येक रुग्णाकडे तो जावो, आणि जातांना शेजारच्या खाटेवरील माणसाचे पाय त्यास मिळोत. आमेन.