शब्दाचा सांधा कोठें?



औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगराहून, वेरुळास जाणारा यात्रेकरू लेणीं पाहतो, मूर्ति पाहतो. लेण्यांचीं नांवें मात्र वाटाड्या सांगेल तशीं ऐकतो आणि विसरतो. आज त्या नांवांकडेच आपलें लक्ष वेधावयाचें आहे. सुतारझोपडी, दशावतार, कुंभारवाडा, इंद्रसभा, जगन्नाथसभा! ३४ लेण्यांच्या या रांगेंत दगडाचें काम जितकें नाना परींचें आहे, तितकेंच शब्दांचें जोडकामही. दोन शब्द एकत्र आले म्हणजे सामासिक शब्द झाला, एवढें आपण शाळेंत शिकलों. परंतु ते जेथें जुळतात तो सांधा कानाला ऐकूं येतो कीं नाहीं, हा प्रश्न व्याकरणाच्या पुस्तकापेक्षां नभोवाणीवर अधिक जिव्हाळ्याचा आहे. कारण येथें श्रोत्यापुढें छापील कागद नसतो.

प्रथम दहावें लेणें घेऊं. हें बौद्धांचें चैत्यगृह. छताच्या खडकांत लांकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्या आहेत, म्हणून लोकांनीं तें सुताराचें काम ठरविलें आणि त्यास सुतारझोपडी म्हटलें. लिहितांना या नांवांत सहा अक्षरें आहेत. बोलतांना तोंडांतून चारच तुकडे बाहेर पडतात : सु-तार-झोप-डी. अशा एकेका तुकड्यास आपण उच्चारखंड म्हणूं. यांतील 'र' आणि 'प' आपण पूर्ण लिहितों, पण त्यांच्यांतला 'अ' गिळून टाकतों. 'सुतार' जेथें संपतो तेथेंच उच्चारखंडही संपतो, आणि सांधा स्वच्छ ऐकूं येतो. मराठी नसलेला वाचक मात्र 'सु-ता-रझो-पडी' असें वाचूं लागला, तर त्यास दोष देतां येणार नाहीं. सांधा कागदावर कोठेंच दाखविलेला नसतो. कुंभारवाड्याचीही गोष्ट तीच. आपले घरगुती समास बहुधा असेच, चिऱ्याला चिरा लावून रचलेल्या भिंतीसारखे असतात.

पंधराव्या लेण्याचें नांव दशावतार. येथें 'दश' आणि 'अवतार' यांची सीमा दाखवा पाहूं! द-शा-व-तार. सीमा 'शा'च्या पोटांत आहे. तो आकार अर्धा पहिल्या शब्दाचा आणि अर्धा दुसऱ्याचा. कैलास जसा एकाच खडकांतून वरून खालीं कोरीत आणला, तसा हा संधि झालेला संस्कृत समास. राष्ट्रकूट कर्कराजाच्या इ. स. ८१२ च्या बडोदें ताम्रपटांत वेरुळाच्या डोंगरास 'एलापुराचल' म्हटलें आहे. तेथेंही 'एलापुर' आणि 'अचल' हे 'रा'मध्यें एकजीव झाले आहेत. अहल्याबाई होळकरांनीं अठराव्या शतकांत ज्याचा जीर्णोद्धार केला त्या घृष्णेश्वराच्या नांवांत तर संधीनें पुरावाच पुसून टाकला आहे. 'घृष्ण' आणि 'ईश्वर' जोडा, नाहीं तर 'घृष्णा' आणि 'ईश्वर' जोडा. उत्तर एकच येतें. नुसत्या उच्चारावरून मूळ शब्द कोणता हें सांगण्याची सोयच उरली नाहीं.

जगन्नाथसभेंत निराळीच मौज आहे. 'जगत्'मधील 'त्'चा 'न्' झाला. छापतांना ओळ संपली तर 'जग-न्नाथ' असें तोडतात, कारण जोडाक्षर फोडावयाचें नसतें. जीभ मात्र 'ज-गन्-नाथ' म्हणते. छंदःशास्त्र जिभेच्या बाजूचें आहे : जोडाक्षरापूर्वींचा 'ग' तें गुरु धरतें, कारण पहिला 'न्' मागच्या खंडांत जातो. मूळ शब्दांचा सांधाही तेथेंच आहे.

दूरच्या नॉर्वे देशाची भाषाही आपल्यासारखीच जोडशब्दांची हौशी आहे. तेथें समास एकत्र लिहावयाचा, बोलतांना मुख्य आघात पहिल्या पदावर द्यावयाचा, आणि ओळीअखेर तोडणें भाग पडलें तर सांध्यावर तोडावयाचा, अशी रीत आहे. 'रॉय्कफ्रित' असें एकत्र लिहिलें तर 'येथें धूम्रपान नाहीं'; मध्यें जागा सोडली कीं 'खुशाल ओढा'! कित्येक पदांमध्यें ते लोक जोडणीसाठीं एक 'स' घालतात. आपण असा वर्ण घालीत नाहीं. पण फुलाच्या बागेस 'फुलबाग' आणि तीन मजल्यांच्या घरास 'तिमजली' म्हणतांना पहिल्या पदाचा दीर्घ स्वर आंखडतों. असा आंखडलेला स्वर ही समासाची एक खूण.

आणि जेथें ही खूणही नाहीं, तेथें बोलणाराचा श्वासच काय तो आधार. गोडबोले आडनांवाचा गृहस्थ कितीही कडू बोलला तरी गोडबोलेच. पण मध्यें क्षणभर थांबून 'गोड बोले' म्हटलें, कीं आपण त्याच्या स्वभावाची साक्ष देऊन बसतों. मराठी छपाईंत शब्द वाटेल तेथें तोडावयाचे आणि वाटेल तेथें चिकटवावयाचे, ही हयगय मला तरी क्षम्य वाटत नाहीं. वाचणाराची जीभ त्या मोकळ्या जागेवर अडखळते, आणि ऐकणाराचा अर्थ चुकतो.

वेरुळाचें बारावें लेणें याचें उत्तम उदाहरण आहे. त्याचें नांव तीन ताल. ताल म्हणजे मजला. हे दोन शब्द जोडून 'तीनताल' म्हणा, कीं गवयाची बोटें मात्रा मोजूं लागतील! त्याच्या शेजारचें अकरावें लेणें दोन ताल. त्याचा तळमजला मातींत गाडला गेला होता, म्हणून लोकांनीं दोनच मजले मोजले. १८७६ मध्यें माती उपसल्यावर तिसरा मजला उजेडांत आला. नांव मात्र दोन तालच राहिलें आहे.