शाळेचा जाब आणि शाळेचा आधार
(संघाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



शाळा पारखावी, याविषयी आमचे दुमत नाही. २०१५ च्या ‘शाळासिद्धी’ने त्यासाठी ४६ मानके घालून दिली. परंतु धारूर, वडवणी, शिरूर कासार या तालुक्यांतील शाळा दिवाळीनंतर पाहावी! मुकादमाची उचल फेडावयास आईबाप ऊसतोडीला निघतात, मुलेही फडावर जातात, ती पाचसहा महिन्यांनी परततात. मास्तर हजर, बाके रिकामी. हा दोष एकट्या मास्तरांच्या माथी मारणे अन्यायाचे. मुले नाहीत म्हणून त्यांस मोकळे सोडणे, तेही तितकेच.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश जागा पालकांस दिल्या. पालकच कोयता घेऊन परमुलखात असतील, तर जाब विचारावा कोणी?

हंगामी वसतिगृहाच्या योजनेत मुलास दोन वेळचे जेवण मिळते. रात्री ते आजीपाशी निजते. मात्र टोळी हलल्यावर आलेली मंजुरी कोणाच्या कामाची? म्हणून गावी राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी, कोणत्याही ज्ञातीची असोत, जाणाऱ्यांची मुले आश्विनातच मोजावीत, यादी मुख्याध्यापकांच्या हाती द्यावी आणि वसतिगृह केव्हा उघडते, हे दर आठवड्यास जाऊन विचारावे.